रॉब बरो कळण्यासाठी आधी रग्बी लीग कळायला हवी

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २०२५ मध्ये, स्नायूंची ताकद हिरावून घेणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांसाठी एक नवं केंद्र सुरू झालं. त्याला नाव दिलंय रॉब बरोचं. हा माणूस कोण, असं शोधायला गेलं की साधारण तीन गोष्टी हाती लागतात: रग्बी खेळायचा, उंची अवघी पाच फूट पाच इंच होती, आणि २ जून २०२४ ला, वयाच्या ४१ व्या वर्षी याच आजाराने गेला. बहुतेक बातम्या इथेच थांबतात. छोट्या चणीचा माणूस, मोठं काळीज, दुर्दैवी अंत.

या गोष्टीत बरोवर अन्याय होतो. तो नुसत्या हिमतीवर सतरा हंगाम टिकला नव्हता. तो जी रग्बी खेळायचा तिच्या नियमांमध्ये एक फट आहे. दर सामन्यात शेकडो वेळा ती काही सेकंदांसाठी उघडते आणि मिटते. त्या फटीतून शिरण्याचं काम त्याच्यापेक्षा चांगलं फार कमी लोकांना जमलं. ही फट लक्षात आली नाही तर त्याची कारकीर्द चमत्कार वाटते. लक्षात आली की ती कौशल्याची गोष्ट होते, आणि माझ्या मते ती जास्त मोठी आहे.

## रग्बी दोन आहेत, आणि भांडण मजुरीचं होतं

आपल्याकडे रग्बी म्हटलं की जी समोर येते ती रग्बी युनियन. एका बाजूला १५ खेळाडू, वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीगसुद्धा, नावात ‘लीग’ असली तरी, युनियनचाच सात खेळाडूंचा प्रकार होता. बरो खेळायचा ती रग्बी लीग वेगळी. तिच्यात एका बाजूला १३ खेळाडू असतात.

फूट पडली १८९५ मध्ये. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणीत काम करायचे. शनिवारीही पाळी असायची. सामना खेळायचा तर तेवढ्या वेळाची मजुरी बुडायची. ती भरून मिळावी एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या संघटनेने ती फेटाळली, कारण पैसे घेऊन खेळणं सभ्य माणसाला शोभत नाही अशी तिची धारणा होती. ज्यांना शनिवारची मजुरी सोडणं परवडत होतं, त्यांना असं म्हणणं सोपं होतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला सुरुवात केली ती थेट १९९५ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

नव्या संघटनेला तिकिटं विकायची होती, त्यामुळे तिने खेळ वेगवान करायला घेतला. १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले. दोन माणसं कमी झाली की मैदानावर मोकळी जागा वाढते. टॅकल झाल्यावर, म्हणजे चेंडू घेतलेल्याला धरून पाडल्यावर, चेंडूसाठी माणसांचा ढीग व्हायचा, तो थांबवायला ‘प्ले-द-बॉल’ नावाची पद्धत आणली. बरोची फट म्हणजे हीच.

आजही हा खेळ इंग्लंडमध्ये मुख्यतः यॉर्कशर, लँकशर आणि कम्ब्रियाच्या पट्ट्यातच रुजलेला आहे. राजधानीचं त्याच्याकडे लक्ष किती, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. रग्बी लीगच्या खेळाडूला ‘सर’ हा किताब पहिल्यांदा मिळाला तो २०२५ मध्ये, बिली बॉस्टन यांना. तोवर खेळ १३० वर्षांचा झाला होता आणि बॉस्टन नव्वदीत पोहोचले होते.

## सहा टॅकल आणि मधले काही सेकंद

नियम थोडक्यात असे. सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात धरून पळायचं, पास मात्र बाजूला किंवा मागेच द्यायचा. समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ४ गुण. त्यानंतर चेंडू दोन खांबांमधून लाथाडला तर आणखी २.

चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा पाडलं की चेंडू प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकावा लागतो. म्हणून पाच टॅकल झाले की संघ सहसा चेंडू लांब लाथाडतात. निदान प्रतिस्पर्ध्याला आपल्या गोलरेषेपासून दूर सुरुवात करावी लागते.

आता प्रत्येक टॅकलनंतर काय होतं ते बघा. पाडलेला खेळाडू उठतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे तोंड करतो. चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. हे प्ले-द-बॉल. मागे एक सहकारी वाकून तयार असतो, तो चेंडू उचलतो. त्याला म्हणतात ‘डमी हाफ’. बचाव करणाऱ्यांपैकी दोघांनाच चेंडूच्या समोर उभं राहता येतं. बाकी सगळ्यांनी दहा मीटर मागे जायचं असतं.

सगळी गोम या दहा मीटरमध्ये आहे. पाडलेला खेळाडू झटकन उठला तर बचावफळी अजून मागे पळत असते. तिची पाठ किंवा बाजू चेंडूकडे असते, पाय उलट्या दिशेने चाललेले असतात. त्या क्षणी डमी हाफ पळत सुटला तर त्याच्यासमोर जेमतेम सावरलेले दोन समोरचे खेळाडू आणि त्यांच्यामागे विस्कटलेली रांग असते. पाडलेल्याला उठायला दोन-तीन सेकंद जास्त लागले तर रांग लागते, सगळे चेंडूकडे तोंड करून पुढे येतात आणि फट बंद.

म्हणूनच या खेळात बचावाचा निम्मा कस पाडल्यावर लागतो. माणसाला पाठीवर उलटा करायचा, त्याच्या छातीवर वजन टाकायचं, हात सावकाश काढायचे. फार वेळ धरलं तर रेफ्री शिक्षा देतो; २०२० पासून सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेत, बऱ्याचदा सहा टॅकल पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात होते. लवकर सोडलं तर रांगेला दहा मीटर मागे जायला वेळ मिळत नाही. टीव्हीवर ही नुसती झोंबाझोंबी वाटते. खरं तर तिथे सेकंदांची घासाघीस चालू असते.

## मग १६५ सेंटिमीटरच्या माणसाचं इथे काम काय?

रग्बी लीगचे पुढच्या फळीतले खेळाडू, म्हणजे प्रॉप, शंभर ते एकशेवीस किलोचे असतात. बरो सत्तर किलोच्या आत-बाहेर होता. सरळ धडकेत तो त्यांना हरवणार नव्हता आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

त्याच्याकडे होता पहिल्या पाच मीटरचा वेग. मोठ्या शरीराला उभ्या जागेवरून वेग घ्यायला किंवा दिशा बदलायला वेळ लागतो. डमी हाफ चेंडू वाकून उचलतो. बुटका खेळाडू आधीच जमिनीजवळ असतो, त्याला फारसं वाकावंही लागत नाही आणि सरळ होण्यात वेळही जात नाही. चेंडू हातात आला तेव्हा बरोचं पहिलं पाऊल पडलेलं असायचं.

दुसरी गोष्ट टॅकलची. डोक्याला किंवा मानेला धरलं तर शिक्षा होते. सहा फुटांच्या थकलेल्या माणसाला बरोला नियमात राहून पाडायचं तर गुडघ्यांत चांगलंच वाकावं लागायचं. सामन्याच्या पहिल्या मिनिटाला तो वाकतो. पंचविसाव्या मिनिटाला, वीसेक टॅकल करून झाल्यावर, तो वाकायच्याऐवजी हात पुढे करतो.

लीड्स ऱ्हायनोज या त्याच्या क्लबच्या प्रशिक्षकांनी हे गणित पुरतं ओळखलं. सुरुवातीच्या वर्षांत बरो स्क्रम-हाफ म्हणून, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या जागी, पहिल्या मिनिटापासून खेळायचा. पुढे त्याला अनेकदा बाकावर ठेवून विशीच्या आसपासच्या मिनिटाला डमी हाफच्या कामासाठी उतरवलं जाऊ लागलं. बाकावर बसणं खेळाडूला आवडत नाही, बरोलाही आवडलं नव्हतं. पण पहिल्या वीस मिनिटांत दोन्हीकडच्या धिप्पाड लोकांनी एकमेकांना दमवायचं आणि मग ताज्या पायांचा बरो आत येणार, ही योजना मोठ्या सामन्यांत फार भारी पडली.

बचावात लहान माणूस अडचण ठरत नाही का? ठरतो. प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्याच अंगावर मोठे धावपटू सोडतात, आणि बरोवर ते वर्षानुवर्षं सोडले गेले. तो घोट्यांना आणि पिंढऱ्यांना मिठी मारायचा. पायच बांधले गेले की एकशेवीस किलोसुद्धा खाली येतात. मात्र त्या पद्धतीत गुडघे आणि नितंब आपल्या डोक्यावर आपटतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

## ८ ऑक्टोबर २०११, ओल्ड ट्रॅफर्ड

सुपर लीगचा विजेता ग्रँड फायनलमध्ये ठरतो. ती मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर होते. २०११ मध्ये लीड्स गुणतक्त्यात पाचवे होते. पाचव्या क्रमांकावरून तोवर कुणी विजेता झालं नव्हतं. समोर सेंट हेलेन्स.

बरो बाकावरून आला. पहिल्या अर्ध्यात, मैदानाच्या मध्याजवळ एक प्ले-द-बॉल झाला. त्याने चेंडू उचलला, पास दिला नाही, थेट पुढे निघाला. समोरच्या धिप्पाड खेळाडूने हात पसरले. बरो त्या हाताखालून गेला. कबड्डी बघणाऱ्यांनी चढाईपटूला साखळीखालून डुबकी मारताना पाहिलं असेल. अगदी तसं, फक्त पूर्ण वेगात आणि काखेत चेंडू घेऊन. मग रांग मागे पडली आणि उरला तो एकटा फुलबॅक, म्हणजे शेवटचा राखणदार. त्याला बगल देऊन बरोने ट्राय केला.

हा ट्राय पुन्हा बघायचा असेल तर बरोकडे नंतर बघा, आधी बचावफळीच्या पायांकडे बघा. तो चेंडू उचलतो तेव्हा ती रांग अजून नीट उभी राहिलेली नाही.

लीड्स ३२-१६ जिंकले. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात सगळ्याच्या सगळ्या ३७ पत्रकारांनी बरोचं नाव लिहिलं. हाच मान त्याला २००७ च्या फायनलमध्येही मिळाला होता, तेव्हाही सेंट हेलेन्सविरुद्धच, ३३-६.

बाकीचा हिशेब पटकन सांगतो. जन्म पाँटिफ्रॅक्टमध्ये, २६ सप्टेंबर १९८२. कोळसा खाणींच्या त्या पट्ट्यात, जिथे पोरं चालायला लागली की रग्बी लीगच्या क्लबात जातात. लीड्सकडून पदार्पण २००१ मध्ये आणि त्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू. त्यानंतर २०१७ पर्यंत दुसरा क्लब नाही. ४९२ सामने, सुपर लीगची आठ विजेतेपदं, दोन चॅलेंज कप. इंग्लंड आणि ग्रेट ब्रिटन दोन्हींकडून खेळला. शेवटचा सामना होता २०१७ ची फायनल, तीही जिंकलेली.

## आजार: नेमकं काय बिघडतं

निवृत्तीनंतर तो लीड्सच्या तरुण खेळाडूंना शिकवत होता. २०१९ मध्ये बोलताना त्याचे शब्द अडखळायला लागले. डिसेंबरात निदान झालं: मोटर न्यूरॉन आजार. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

मोटर न्यूरॉन म्हणजे हालचालीचा हुकूम नेणाऱ्या चेतापेशी. त्यांचे दोन टप्पे असतात. पहिल्या पेशी मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत जातात, दुसऱ्या तिथून स्नायूंपर्यंत. या आजारात त्या मरत जातात. हुकूमच पोहोचत नाही म्हणून स्नायू वापराविना सुकतो. सुरुवात कुणाच्या हातापासून होते, कुणाच्या पायापासून, कुणाच्या जिभेपासून. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

स्पर्श, दृष्टी, ऐकणं शाबूत राहतं. डोळे हलवणारे स्नायू बहुधा सर्वांत उशिरापर्यंत साथ देतात. त्यामुळे पडद्यावरच्या अक्षरांवर नजर रोखून टाइप करणारं यंत्र वापरता येतं. बरो शेवटची वर्षं असाच बोलायचा. यंत्रातून येणारा आवाज त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेला होता, त्यात त्याचा यॉर्कशरी हेलही होता.

ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार आयुष्यभरात साधारण ३०० जणांमागे एकाला हा आजार होतो. निदानानंतर निम्म्याहून अधिक रुग्ण दोन वर्षांत दगावतात. स्टीफन हॉकिंग पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण तो फारच विरळा अपवाद. रुग्णाच्या घरच्यांना त्यांचं उदाहरण देऊ नये.

एका रक्तचाचणीत हा आजार सापडत नाही. स्नायूंची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी, करतात आणि एमआरआय करून मानेत नस दबलेली नाही ना, हे पाहतात. हाताची पकड सुटणं किंवा पाऊल घसटणं याला मानेचा किंवा कमरेचा त्रास समजून महिनोन्‌महिने उपचार चालतात, तसं आपल्याकडेही होतं. नुसता स्नायू फडफडला म्हणून घाबरायचं कारण नाही. फडफडीबरोबर ताकद कमी होत असेल, स्नायू बारीक होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं.

## ‘रग्बीमुळेच झालं असणार!’

हा पहिला प्रश्न असतो, आणि रास्त आहे. बरोच्या आधी स्कॉटलंडचा युनियन खेळाडू डॉडी वेअर याच आजाराने गेला. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४१२ माजी स्कॉटिश आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंची सामान्य लोकांशी तुलना केली. खेळाडूंमध्ये मोटर न्यूरॉन आजाराचा धोका पंधरा पटीच्या आसपास निघाला.

पंधरा पट ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून हा आकडा नीट वाचायला हवा. आजार दुर्मीळ आणि खेळाडू चारशेच, त्यामुळे प्रत्यक्ष रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. अशा छोट्या संख्येत एखादा रुग्ण कमी-जास्त झाला तरी पट खूप बदलतो. हे खेळाडू युनियनचे होते, लीगचे नाही, आणि उच्च पातळीवरचे होते. शाळेत दोन वर्षं रग्बी खेळलेल्या मुलाला हा आकडा लावता येत नाही.

तरी तो झटकून टाकण्यासारखाही नाही. इटलीतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्येही हा आजार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला होता, आणि फुटबॉलमध्ये टॅकलचे दणके तितके नसतात. त्यामुळे डोक्याच्या मारासोबत दुसरा संशयित म्हणजे वर्षानुवर्षांचा अतितीव्र व्यायाम. शेफील्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की काही विशिष्ट जनुकं असलेल्या लोकांत असा व्यायाम आजाराला हातभार लावत असावा. सर्वसाधारण माणसाने चालणं-पळणं सोडावं असा याचा अर्थ मुळीच नाही.

एका माणसाच्या बाबतीत, बरोच्या बाबतीतसुद्धा, खेळामुळेच झालं किंवा झालंच नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घोट्यांशी टॅकल करताना डोक्याला बसणारे दणके कमी करणं हे मोटर न्यूरॉन आजाराचं उत्तर मिळेपर्यंत लांबवायची गरज नाही. डोक्याच्या माराचे इतर परिणाम पुरेसे सिद्ध आहेत. सुपर लीगमध्ये २०२४ पासून धक्क्याचा जोर मोजणारे सेन्सर बसवलेले माउथगार्ड वापरात आलेत, ते त्यासाठीच.

## ‘बरा होत नाही, तर केंद्र कशाला?’

बरोचा लीड्समधला कर्णधार आणि मित्र केविन सिनफील्ड याने डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून पैसे उभे केले. सात का, तर बरोच्या पाठीवर ७ आकडा असायचा. पुढच्या वर्षी २४ तासांत १०१ मैल, मग सात दिवसांत सात अल्ट्रा मॅरेथॉन. काही वर्षांत जमलेली रक्कम एक कोटी पौंडांच्या वर गेली. मे २०२३ मध्ये लीड्स मॅरेथॉनला त्याने बरोला चाकाच्या खुर्चीत बसवून पूर्ण ४२ किलोमीटर ढकललं आणि अंतिम रेषा उचलून पार करवली.

या पैशातला काही भाग संशोधनाला जातो. औषधांची अवस्था आज तुटपुंजी आहे. रिलुझोल हे जुनं औषध आयुष्य सरासरी काही महिन्यांनी वाढवतं. टोफरसेन नावाचं नवं औषध एका विशिष्ट जनुकदोषाच्या रुग्णांवर चालतं, पण असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास.

केंद्राचा उपयोग वेगळा आहे. या आजारात वेळ चुकली की पर्याय बंद होतात. गिळणं अवघड झालं की पोटातून थेट अन्न देणारी नळी बसवतात, पण ती श्वास फार कमजोर होण्याआधी बसवावी लागते, नाहीतर ती छोटी शस्त्रक्रियाही धोक्याची होते. सकाळी डोकं दुखत उठणं, दिवसा गुंगी येणं ही रात्री श्वास पुरत नसल्याची खूण असू शकते. तेव्हा मास्कचं श्वसनयंत्र सुरू केलं तर अनेकांचं आयुष्य आणि झोप दोन्ही सुधारतात. आवाज जपायचा तर बोली स्पष्ट असतानाच मुद्रित करावा लागतो. मेंदूविकार, श्वसन, आहार, वाचा आणि फिजिओथेरपी या प्रत्येकाची वेगळी तारीख, वेगळं रुग्णालय, अशी फरपट झाली तर या वेळा हमखास चुकतात. म्हणून सगळे एका छताखाली हवेत, हा बरोचा आग्रह होता. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जून २०२४ ला, लीड्समधल्या सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात बांधकामाची पहिली कुदळ पडली.

## बघायचं असेल तर

ग्रँड फायनल ऑक्टोबरात असते, बहुधा शनिवारी ब्रिटनच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेदहाला. सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान २०२४ पासून ‘रॉब बरो पुरस्कार’ या नावाने दिला जातो. पहिली दहा मिनिटं गुणफलक विसरा आणि प्रत्येक टॅकलनंतर मनात सेकंद मोजा. चेंडू लवकर मागे आला की डमी हाफ पळतो का, ते बघा. वीस-पंचवीस मिनिटांनी एखादा लहान चणीचा खेळाडू बाकावरून उठून अंग मोकळं करायला लागला, तर समजा की पुढची काही मिनिटं बघण्यासारखी आहेत.